ताटातील गहू आणि पालकांची आशा

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक लिपिक मधल्या सुटीत माझ्यापाशी येऊन बसले. त्यांचा मुलगा पाच वर्षांचा. स्वमग्नतेचे, म्हणजे ज्याला आता सर्वजण 'ऑटिझम' म्हणून ओळखतात त्या अवस्थेचे, निदान होऊन त्याला दोन वर्षे झाली. 'सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. एवढा हिशेब जरा पाहून द्या,' असे म्हणून त्यांनी एक कागद माझ्यापुढे उलगडला. कागदाच्या डाव्या बाजूस बंद करावयाच्या पदार्थांची यादी होती : पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्किटे, दूध, दही, ताक, पनीर. उजव्या बाजूस त्यांच्या जागी आणावयाचे पदार्थ व त्यांचे भाव होते : ग्लुटेनविरहित पिठाची पाकिटे, बदामाचे दूध, परदेशी बनावटीची पूरक चूर्णे. खालची बेरीज त्यांच्या मासिक वेतनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढी होत होती. बेरजेत चूक नव्हती. मी तसे सांगितले. तरीही ते उठेनात. थोड्या वेळाने म्हणाले, 'सर, करावे का हे?'

खरा प्रश्न हा होता, आणि त्याचे उत्तर मला तेथल्या तेथे देता आले नाही. मी वैद्य नाही. परंतु या विषयावर जे संशोधन झाले आहे ते उपलब्ध आहे आणि कोणाही सुशिक्षिताला ते समजून घेता येण्यासारखे आहे. शिवाय अपुरी माहिती, अपुरा पैसा आणि अपुरा वेळ यांच्या कात्रीत सापडलेल्या कुटुंबाने निर्णय कसा घ्यावा, हा तर अर्थशास्त्राचाच विषय आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

कल्पना आली कोठून?

गहू आणि दूध बंद केल्याने स्वमग्न मुलात सुधारणा होते, ही कल्पना कोणा भोंदूच्या डोक्यातून निघालेली नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध करून या अवस्थेला वैद्यकात स्थान मिळवून दिले. त्या मूळ निबंधातही यांतील अनेक मुलांना तान्हेपणापासून खाण्याच्या तक्रारी असल्याची नोंद आहे. स्वमग्न मुलांत बद्धकोष्ठ, पोटदुखी, जुलाब यांचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते, हे पुढे अनेक पाहण्यांत दिसून आले. तेव्हा पालकांची नजर पोटाकडे वळली, तर त्यात नवल नाही.

१९७९ मध्ये याक पँकसेप या मज्जाशास्त्रज्ञाने असा तर्क मांडला, की या मुलांच्या मेंदूत अफूसारखा परिणाम करणाऱ्या द्रव्यांचे आधिक्य असावे. नॉर्वेतील कार्ल राइशेल्ट यांनी त्याला आहाराची जोड दिली. गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन ही प्रथिने पुरती पचत नाहीत, त्यांचे अर्धवट तुकडे आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातात व तेथे गुंगी आणतात, अशी ही मांडणी होती. ऐकणाऱ्यास ती तत्काळ पटते, कारण तिच्यात कारण, मार्ग आणि उपाय हे तिन्ही एका दमात सापडतात. पण सिद्धान्त पटण्याजोगा असणे आणि तो खरा ठरणे यांत अंतर असते. या मुलांच्या लघवीत असे तुकडे खरोखर अधिक असतात काय, याचा नंतर अधिक काटेकोर उपकरणांनी शोध घेण्यात आला, तेव्हा ते अधिक आढळले नाहीत.

पालकांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आहार बदलून मुलाची बुद्धी वाचविता येते, याचे एक लखलखीत उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. नॉर्वेतील एक माता आपल्या दोन मंदबुद्धी मुलांच्या लघवीला चमत्कारिक वास का येतो, हे विचारीत डॉक्टरांचे उंबरे झिजवीत होती. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फोलिंग यांनी तिचे म्हणणे मनावर घेतले, आणि त्यातून फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात रोगाचा शोध लागला. १९५३ मध्ये बर्मिंगहॅम येथे होर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका लहान मुलीला अपायकारक द्रव्य जवळजवळ वगळलेला आहार दिला. मुलगी सुधारली. पण ते डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. सुधारणा आहारामुळेच झाली काय, हे पाहण्यासाठी त्यांनी आईला न सांगता ते द्रव्य आहारात पुन्हा मिसळले. काही दिवसांतच मुलगी मागे पडू लागली, आणि आईच्या ते लगोलग लक्षात आले. आईला काहीही ठाऊक नव्हते, आणि तरीही तिला फरक दिसला. यालाच पुरावा म्हणतात.

चाचण्यांचा निर्वाळा

स्वमग्नतेच्या बाबतीत अशी परीक्षा झाली आहे काय? झाली आहे, आणि एकदा नव्हे. २००२ मध्ये नॉर्वेत वीस मुलांच्या दहा जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला वर्षभर गहू व दूध यांविना ठेवण्यात आले. आहारातील मुलांची प्रगती अधिक दिसली, आणि आजही या पथ्याचे पुरस्कर्ते याच चाचणीचा दाखला देतात. परंतु तेथे कोणते मूल पथ्यावर आहे हे त्याच्या पालकांना ठाऊक होते. आई-वडिलांनाही कळू न देता चाचणी घेण्याचा प्रयत्न २००६ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात झाला. पंधरा मुलांना बारा आठवडे सर्व अन्न संशोधकांनीच पुरविले. त्यांतील काही आठवडे ते गहू-दुधाचे होते, काही आठवडे नव्हते. दोन्ही काळांतील मोजमापांत लक्षणीय फरक आढळला नाही. गंमत अशी, की चाचणी चालू असताना काही पालकांनी मूल सुधारल्याचे सांगितले होते, आणि निकाल कळल्यावरही पथ्य पुढे चालू ठेवण्याची इच्छा दर्शविली होती.

त्यानंतर रॉचेस्टर येथील संशोधकांनी चौदा मुलांना आधी पथ्यावर ठेवून नंतर अधूनमधून गहू किंवा दूध लपवून असलेला खाऊ दिला. त्यांच्या वागण्यात, झोपेत वा शौचाच्या सवयीत फरक पडला नाही. २०२० मध्ये पोलंडमधील एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सहासष्ट मुलांपैकी निम्म्यांच्या रोजच्या जेवणात सहा महिने गहू ठेवला, निम्म्यांच्या जेवणातून तो वगळला. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ब्रिटनमधील आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्येच आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितले, की स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर उपाय म्हणून गहू अथवा दूध वगळण्याचे पथ्य वापरू नये.

या चाचण्या लहान आहेत, हा आक्षेप रास्त आहे. एखाद्या विशिष्ट मुलाला लाभ होणारच नाही, असे कोणतीही चाचणी सिद्ध करू शकत नाही. परंतु ज्या उपायाने मोठा व सार्वत्रिक गुण येतो, तो लहान चाचणीतही लपून राहत नाही. बिकेल यांना तो एका मुलीत दिसला होता.

मग डोळ्यांना दिसते ते काय?

'अहो, पण आमच्या शेजारच्यांचा मुलगा पथ्याने बोलू लागला,' असे सांगणारा गृहस्थ खोटे बोलत नसतो. त्याने पाहिले ते खरेच असते. त्याने जोडलेले कारण तेवढे तपासावे लागते.

१९९८ मध्ये अमेरिकेत 'सिक्रीटिन' नावाच्या, पचनाशी संबंधित संप्रेरकाच्या टोचणीने तीन स्वमग्न मुले सुधारल्याचे प्रसिद्ध झाले आणि पालकांची एकच झुंबड उडाली. १९९९ मध्ये साठ मुलांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रीटिन टोचले, निम्म्यांना साधे मिठाचे पाणी. दोन्ही गटांतील मुले सुधारलेली दिसली, आणि सारखीच सुधारलेली दिसली. म्हणजे मिठाच्या पाण्यानेही 'गुण' आला. निकाल समजावून सांगितल्यानंतरही १०० पैकी ६९ पालकांनी आपल्याला त्या उपचारात अजून स्वारस्य असल्याचे सांगितले.

याची कारणे गूढ नाहीत. स्वमग्न मूलही वाढत असते. तीन ते सहा या वयात पुष्कळ मुलांची भाषा आपोआप पुढे सरकते. पालक नवा उपाय बहुधा तेव्हा सुरू करतात, जेव्हा त्रास शिगेला पोहोचलेला असतो. आणि शिगेनंतर उतार येतोच. त्याच सुमारास बालवाडी बदललेली असते, वाचोपचार सुरू झालेले असतात, आजी घरी राहावयास आलेली असते. श्रेय मात्र एकट्या पथ्याला मिळते, कारण त्यासाठी सर्वांत अधिक कष्ट पडलेले असतात. पाऊस पडण्याच्या दिवसांत यज्ञ केला, तर यज्ञाचे पुण्य वाया जात नाही. त्यात ज्यांचे मूल सुधारत नाही, असे पालक सांगावयास येत नाहीत. आपल्या कानी येतात त्या केवळ यशाच्या कथा; अपयशांची नोंद कोठेही होत नाही.

पथ्याची खरी किंमत

अर्थशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षीच शिकवितो, की एखाद्या गोष्टीची किंमत म्हणजे तिच्यासाठी मोजलेले रुपये एवढीच नसते. तिच्यापायी जे सोडून द्यावे लागले, तीही तिची किंमत असते. त्या कागदावरील बेरजेत ही दुसरी किंमत कोठेच नव्हती.

पहिली बाब मुलाच्या ताटाची. स्वमग्न मुलांचे खाणे मुळातच मोजके असते. एखादे मूल पांढराच भात खाते, एखाद्याला एकाच आकाराचे बिस्कीट लागते. चिकट स्पर्श, तीव्र वास, दोन पदार्थांचे मिसळणे त्यांना सोसत नाही. २०१३ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात या मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या पाचपट आढळल्या, आणि त्यांच्या पोटात कॅल्शियम व प्रथिने कमी जात असल्याचे दिसले. ज्या मुलाला पाचच पदार्थ चालतात, त्याच्या त्या पाचांतून दूध, पोळी आणि बिस्कीट काढून घेतले तर उरते काय? नवे पदार्थ ते खाईलच, असे गृहीत धरता येत नाही. ते सरळ उपाशी राहू शकते.

महाराष्ट्रात गहू सोडणे हे अमेरिकेतील कुटुंबाइतके अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. महागड्या पाकिटांची त्यासाठी मुळीच गरज नाही. (मात्र पुरते पथ्य पाळणाऱ्याने हेही जाणावे, की डबीतल्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.) दुधाची गोष्ट निराळी. मांसमच्छी आणि अंडी न खाणाऱ्या घरात ब-१२ या जीवनसत्त्वाचा जवळजवळ एकमेव आधार दूधदुभते हाच असतो, आणि ब-१२ ची उणीव मुलाच्या मेंदूला व मज्जातंतूंनाच बाधते. ज्या मेंदूसाठी दूध बंद करावयाचे, त्याच मेंदूचे पोषण तोडण्याचा हा प्रकार होऊ शकतो. बदामाच्या दुधात प्रथिने नाममात्र असतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. परंतु ते दुधातल्याइतके सहज अंगी लागत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न मुलग्यांची हाडे अपेक्षेपेक्षा पातळ आढळली, आणि दूध वर्ज्य केलेल्यांत ही उणीव अधिक होती.

दुसरी बाब आईच्या वेळेची. निराळे पीठ, निराळी भांडी, निराळा डबा, मुंजी-लग्नात निराळे ताट आणि प्रत्येक नातेवाइकाला द्यावयाचे तेच तेच स्पष्टीकरण. हे श्रम कोणत्याही हिशेबवहीत चढत नाहीत, कारण आपल्याकडे घरातील बाईचा वेळ फुकट समजण्याची जुनी खोड आहे. रोजचे दोन तास या खटाटोपात गेले, तर ते मुलाबरोबर खेळण्यातून, चित्रे दाखवून बोलते करण्यातून, किंवा तिच्या स्वतःच्या विश्रांतीतून वजा होतात. मुलाशी रोज केलेल्या संवादाचा, वाचोपचाराचा आणि व्यवसायोपचाराचा आधार पथ्याच्या आधारापेक्षा कितीतरी भक्कम आहे. वेतनाचा पाचवा हिस्सा पाकिटांवर गेला, तर कात्री लागते ती नेमकी यांनाच.

तिसरी बाब मनाची. १९५० आणि १९६० च्या दशकांत आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, असे पाश्चात्त्य मानसशास्त्रातील काही मोठी माणसे छातीठोकपणे सांगत. ब्रूनो बेटलहाइम यांचा १९६७ मधील ग्रंथ या मताचा डंका पिटणारा होता. ते मत सपशेल चुकीचे ठरले. पण हजारो मातांना त्याने अपराधी ठरविले. आजचे पथ्य तोच आरोप नव्या रूपात आणते. मूल सुधारले नाही, तर 'पथ्य नीट पाळले नसेल, कोठेतरी चिमूटभर मैदा गेला असेल,' हे उत्तर तयारच असते. जो उपाय कधीच खोटा ठरू शकत नाही आणि अपयशाचा दोष नेहमी रोग्याच्या घरावर टाकतो, त्याच्यापासून सावध राहिले पाहिजे.

करावयाचेच असेल तर

याचा अर्थ मुलाच्या खाण्याकडे आणि पोटाकडे दुर्लक्ष करावे, असा नाही. ज्या मुलाला बोलता येत नाही, ते पोटदुखी सांगणार कसे? ते डोके आपटते, किंचाळते, रात्र रात्र जागते. आणि आपण तो स्वमग्नतेचा भाग समजतो. बद्धकोष्ठावर साधा उपचार झाला तरी घराला शांतता लाभू शकते. सीलियाक रोगात गहू खरोखर विषासमान असतो. डच डॉक्टर विलेम डिके यांनी ते १९५० पर्यंत सिद्ध करून दाखविले. काहींना दुधातील शर्करा पचत नाही. हे रोग स्वमग्न मुलालाही होऊ शकतात आणि त्यांवर पथ्य हाच उपाय आहे. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. येथे क्रमाला महत्त्व आहे : सीलियाकची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावयाची असते. आधी गहू बंद करून मग तपासणीस गेल्यास रोग असूनही तो सापडत नाही.

तपासणीत काही आढळले नाही, तरीही ज्या पालकांचे मन मानत नाही, त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. त्यांनी प्रयोग करावा. मात्र तो प्रयोगासारखा करावा. आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्या काळात दुसरा नवा उपचार सुरू करू नये. काय सुधारावे अशी अपेक्षा आहे, ते आधीच वहीत लिहून ठेवावे : रात्रीची झोप किती तास, रडण्याचे प्रसंग किती, नवे शब्द किती. शक्य असेल तर ज्यांना बदलाची कल्पना नाही अशा शिक्षिकेला आपली निरीक्षणे लिहावयास सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, थांबण्याची तारीख सुरुवातीलाच ठरवावी. तीन महिन्यांनी वहीत फरक दिसला नाही, तर पोळी आणि दूध ताटात परत यावे. आधीच खर्च झाला म्हणून आणखी खर्च करीत राहणे, ही चूक कारखानदार करतात, सरकारे करतात. मुलाच्या बाबतीत ती अधिकच सहज घडते.

आशेचा बाजार

वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो, कारण घेणाऱ्याला मालाची पारख नसते, असे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. दहा वर्षांनी डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा वस्तूंचे वर्णन केले, ज्यांची गुणवत्ता विकत घेऊन वापरल्यानंतरही ग्राहकाला धड कळत नाही. त्याला विक्रेत्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. स्वमग्नतेवरील पर्यायी उपचार हे या वर्गाचे नमुनेदार उदाहरण आहे. येथे पथ्य हा सर्वांत सौम्य माल. त्याच्या पलीकडे मूलपेशींच्या लाखो रुपयांच्या टोचण्या आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी त्यांची शिफारस करता येत नाही, असे सांगितले. अशा बाजारात ग्राहकाने सावध राहावे, एवढे म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही.

पालक पाकिटांकडे का वळतात? पाकीट आज मिळते. वाचोपचारतज्ज्ञ मात्र तालुक्याच्या गावी नसतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असला तरी त्याची पाळी महिनोन्महिने येत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला स्वतंत्र स्थान दिले. 'निरामय' ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाची विमा योजना आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्यांतून शीघ्र हस्तक्षेप केंद्रे काढावयाची आहेत. कागदावर व्यवस्था वाईट नाही. पण या चार गोष्टींपैकी एकही आमच्या त्या लिपिकांना ठाऊक नव्हती. पथ्याचा कागद मात्र त्यांच्यापर्यंत बिनचूक पोहोचला होता. खोट्या आशेचे वितरण खऱ्या मदतीच्या वितरणाहून इतके कार्यक्षम असावे, ही गोष्ट आपल्या कारभाराला शोभा देणारी नाही.

चार दिवसांनी मी त्यांना हे सर्व सांगितले. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, 'म्हणजे काहीच करू नये म्हणता?' मी म्हटले, 'बालरोगतज्ज्ञाकडे तपासणी करून घ्या. निरामयचा अर्ज आपण दोघे मिळून भरू. राहिलेल्या पैशात आठवड्याला वाचोपचाराची एक बैठक अधिक होते की नाही, त्याचा हिशेब मांडू.' अर्ज आम्ही भरला आहे. मुलाच्या पोटाची तपासणी व्हावयाची आहे, आणि ती होईपर्यंत त्याची दूध-पोळी चालू आहे.